दाबून मारलेला शिक्का

मित्रांनो, कोपरे कातरलेलं पुस्तक तुम्ही कधी पाहिलं आहे का? सनीव्हेलमध्ये शिवांगी नावाची मुलगी राहते. तिच्या टेबलाच्या खालच्या खणात, खोडरबर आणि तुटक्या खडूंच्या शेजारी मी पडलेला असतो. मी एक जुना पासपोर्ट आहे. रंग गडद निळा, पानं छत्तीस, वर सोनेरी सिंह. त्यांतला एक सिंह आता घासून पार नाहीसा झाला आहे. माझं वय अवघं सात वर्षं. आमच्यात हे काही निवृत्तीचं वय नव्हे, पण मला वेळेआधीच घरी बसवण्यात आलं.

माझा जन्म नाशिकच्या छापखान्यात झाला. माझ्या आतल्या बाजूला राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली आहे. हे पुस्तक ज्याच्यापाशी असेल त्याला विनाअडथळा जाऊ द्यावं आणि लागेल ती मदत करावी, असा तिचा अर्थ. लहानपणी मला या ओळींचा फार ताठा होता. या ओळी वाचल्या की जगातलं कुठलंही दार आपोआप उघडणार, अशी माझी समजूत होती. विनंती आणि हुकूम यांतला फरक मला तेव्हा कळत नव्हता.

२००१ साली पुण्याच्या कचेरीत माझ्यात एका बाईंचा फोटो लागला. त्यांचं नाव सुहासिनी. सांगलीच्या पोस्टात तेहेतीस वर्षं खिडकीवर काम करून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. यजमान पूर्वीच वारलेले, एकुलती एक मुलगी सावनी अमेरिकेत. फोटोत त्या हसलेल्या नाहीत, कारण सरकारी कागदावर हसू नये असं त्यांचं मत होतं. मी टपालाने घरी आलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्यावरचे शिक्के तपासले. एक जरा पुसट उठला होता. "दाबून मारायला काय होतं यांना," त्या म्हणाल्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पाकिटांपैकी एकावरही तारीख पुसट नव्हती. ही गोष्ट त्या दूधवाल्यालासुद्धा ऐकवत.

सावनीच्या बाळंतपणासाठी त्या पहिल्यांदा निघाल्या. जुन्या साडीच्या काठाची त्यांनी माझ्यासाठी गळ्यात अडकवायची पिशवी शिवली. सावनीने फोनवरून बजावलं होतं, "आई, युनिफॉर्मवाला माणूस दिसला की पासपोर्ट द्यायचा. व्हिसाचं पान ओपन करूनच दे, म्हणजे त्यांना शोधायला नको. आणि जास्त बोलायचं नाही." सुहासिनीबाईंनी हे वाक्य पोस्टाच्या नियमपुस्तकासारखं तोंडपाठ केलं. अमेरिकेतल्या विमानतळावर त्यांनी मला उघडून, दोन्ही हातांनी, देवाला नैवेद्य दाखवावा तसं पुढे केलं. अधिकारी हसला. त्याने शिक्का मारला आणि माझ्यात एक पांढरं कार्ड टाचलं. त्यावर तारीख होती. तिथपर्यंत, म्हणजे सहा महिने, राहायची परवानगी. शिक्का छान ठळक उठला होता आणि सुहासिनीबाईंनी मान डोलावून त्याला पसंती दिली.

ते दिवस सुखाचे होते. शिवांगी जन्मली, तिला तेल लावून न्हाऊ घातलं गेलं, डिंकाचे लाडू वळले गेले. मुदतीच्या आत आम्ही सांगलीला परतलो. पुढची साडेतीन वर्षं मी कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी राहिलो. माझा मान तेव्हा दागिन्यांच्या बरोबरीचा होता.

२००५ च्या एप्रिलमध्ये मला घाईघाईने बाहेर काढलं. सावनीला कॅन्सर झाला होता. या वेळी पिशवीत मी होतो, पण बाईंचा हात माझ्यावर नव्हता. तो हात विमानभर जपमाळेवर होता.

सनीव्हेलच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये त्यांनी पोस्टाची शिस्त आणली. एका जाड कार्डावर औषधांच्या वेळा लिहिल्या. आठला पांढरी, दोनला पिवळी, रात्री अर्धी. दिलेल्या गोळीपुढे बरोबरची खूण. सावनीचे केस गेले तेव्हा त्यांनी तिला मऊ सुती टोपी शिवून दिली. जावई शंतनू चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. त्याची नोकरी आणि आरोग्यविमा दोन्ही टिकायला हवे होते, म्हणून तो सकाळी आठला गाडी काढायचा. चार वर्षांची शिवांगी दिवसभर आजीच्या पदराला धरून असायची.

ऑक्टोबरच्या मध्यावर सावनीचं मोठं ऑपरेशन ठरलं. आणि माझ्यातल्या पांढऱ्या कार्डावरची तारीख होती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली. ऑपरेशनच्या दिवशी आईने त्या खोलीत असायला हवं होतं. सुहासिनीबाईंना जगाकडून तेव्हा एवढंच हवं होतं.

शंतनू म्हणाला, "आई, आपण एक्स्टेन्शन फाइल करू ना. डॉक्टरचं लेटर जोडू. सिंपल आहे."

पण घराजवळच्या पार्कमध्ये एक बाक होता. मुलांकडे आलेले आपले आईवडील संध्याकाळी तिथे जमायचे. कुणाच्या सुनेचं कसं, कुणाच्या गुडघ्याचं काय, असं सगळं तिथे बोललं जायचं. त्या बाकावरचे सर्वज्ञ म्हणजे गुरुनाथराव, रेल्वेतून निवृत्त झालेले; पत्नी नंदाताईही सोबत असत. त्यांच्याजवळ व्हिसाच्या कागदांची एक फाइल कायम असे.

"अर्ज कसला करता, सुहासिनीताई," ते म्हणाले. "अर्ज महिनोन्महिने पडून राहतो आणि नाही म्हणाले तर बसा. त्यापेक्षा एकदा बाहेर जायचं, एकदा आत यायचं. झाले नवे सहा महिने. आम्ही मागच्या वेळी थायलंड केलं. आता चायनाची नऊ दिवसांची स्वस्त टूर आहे. मी आणि नंदा जातोच आहोत, तुम्ही चला. आणि एक लक्षात ठेवा, आजारपणाचं विमानतळावर अवाक्षर काढायचं नाही. त्यांना वाटतं, ही बाई आता कायमची राहणार. एकच शब्द, टुरिझम."

ज्यांनी आयुष्यभर लोकांना "अर्ज भरून आणा" असं सांगितलं, त्यांनी स्वतःचा अर्ज भरला नाही. मुलीच्या आजाराने माणूस घाबरून गेलं की त्याला बाकावरचं शहाणपणही वेदवाक्य वाटतं. सावनीही म्हणाली, "जा गं आई. सहा महिन्यांत तू या ब्लॉकच्या बाहेर गेली नाहीस. नऊ दिवस मी मॅनेज करीन." औषधांचं कार्ड तिने हाताने उतरवून घेतलं. मूळ कार्ड बाईंनी सवयीने आपल्या पर्समध्येच ठेवलं.

मित्रांनो, चीनमधलं शिआन हे शहर अजून तटबंदीच्या आत आहे. तट चार माणसं एकावर एक उभी राहिली तरी वरचा कठडा हाताला लागू नये इतका उंच, आणि वरून मोटार जाईल इतका रुंद. आम्ही दक्षिणेच्या दरवाज्याने वर चढलो. आमची गाइड पिवळा झेंडा धरून पुढे चालत होती. एका बाजूला जुन्या घरांची करडी कौलं, दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती. लोक तटावर सायकली चालवत होते, पतंग उडवत होते. सुहासिनीबाई बाण सोडायच्या एका खाचेपाशी थांबल्या आणि बाहेर पाहत राहिल्या.

"एवढी भिंत कुणाच्या भीतीने बांधली असेल?" त्यांनी विचारलं.

"बाहेरच्यांच्या," गुरुनाथराव म्हणाले.

"म्हणजे आपल्याच," नंदाताई म्हणाल्या, आणि तिघंही हसली. चीनमधलं ते त्यांचं शेवटचं मोकळं हसू होतं. खाली उतरताना बाईंनी शिवांगीसाठी एक कापडी पतंग घेतला. त्यांच्या बॅगेत तो मावेना, म्हणून नंदाताईंनी आपल्या बॅगेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाइडने आम्हाला शहराबाहेर एका जुन्या गावात नेलं. जुनं म्हणजे नुकतंच बांधलेलं. खांबांना ताज्या रंगाचा वास येत होता आणि भिंतींवरच्या भेगा ब्रशने काढलेल्या होत्या. गावाला एक वेस होती. वेशीत चिलखत घातलेला, लाकडी भाला घेतलेला एक तरुण पहारेकरी. त्याच्यापुढे टेबल, टेबलावर शाईची गादी आणि हाताच्या तळव्याएवढा चौकोनी शिक्का. खेळ असा होता, की तिकिटाबरोबर मिळालेला पिवळा कागद त्याला दाखवायचा, त्याने दरडावून काहीतरी विचारायचं, मग कागदावर शिक्का मारून आत सोडायचं. गाइडने बसमध्ये हे इंग्रजीतून भराभर सांगितलं होतं. सुहासिनीबाई तेव्हा खिडकीबाहेर पाहत सावनीची दोनची पिवळी गोळी आठवत होत्या.

त्यांना दिसली ती वेस, रांग, टेबल, शिक्का आणि युनिफॉर्म. हात आपोआप गळ्यातल्या पिशवीकडे गेला. त्यांनी व्हिसाचं पान उघडलं आणि मला दोन्ही हातांनी पुढे केलं.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पहारेकरी क्षणभर थबकला. त्याने मला पाहिलं, मग गाइडला शोधलं. गाइड मागे माणसं मोजत होती. रांग ढकलत होती. "येस, येस, स्टॅम्प," बाई म्हणाल्या. त्याने शिक्का अलगद टेकवला. फिकट उठला. सुहासिनीबाईंच्या तेहेतीस वर्षांच्या नोकरीला हे कसं चालावं? त्यांनी मूठ वळून दाबायची खूण केली. "दाबून, दाबून." तो हसला आणि त्याने सगळा भार टाकून शिक्का मारला. तांबडी शाई माझ्या व्हिसाच्या अर्ध्या भागावर चढली, त्यांच्या नावावरून गेली आणि मागच्या पानात उतरली.

गाइडने पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. हॉटेलवर बाईंनी ओल्या कापसाने शाई टिपायचा प्रयत्न केला, तेव्हा ती आणखी पसरली. मला त्यांनी टेबलावर पालथं वाळत घातलं आणि समोर बसून राहिल्या. "मी शिक्के मारणारी बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "मला खोटा शिक्का ओळखता येऊ नये?"

गुरुनाथरावांनी धीर दिला. "काही होत नाही हो. विचारलंच तर सांगा, चायना गव्हर्न्मेंट."

परतीचं विमान सकाळी उतरलं. रांगेत गुरुनाथराव आणि नंदाताई पुढे होते. दोन प्रश्न, शिक्का, नवे सहा महिने. दोघं पलीकडे गेले. मग माझी पाळी आली. अधिकाऱ्याने मला उघडलं आणि त्याची भुवई वर गेली.

हे काय, त्याने विचारलं.

"चायना गव्हर्न्मेंट," बाई म्हणाल्या.

तुम्ही इथे सहा महिने होतात, नऊ दिवस बाहेर गेलात आणि परत आलात. कशासाठी?

"टुरिझम."

त्याने मला आपल्याकडे ठेवून घेतलं आणि बाईंना आतल्या खोलीकडे पाठवलं. नंदाताई काचेपलीकडून वळून वळून पाहत होत्या. बाईंनी त्यांना हाताने खूण केली, पतंग, पतंग तेवढा द्या.

आतल्या खोलीत एक अधिकारी बाई होत्या. आवाज चढवला नाही, पाणी दिलं, फोनवर हिंदी दुभाषा लावला. मग पर्स तपासताना औषधांचं कार्ड निघालं. सहा महिन्यांच्या गोळ्या आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. तुम्ही इथे पगारावर कुणाची शुश्रूषा करायचं काम करता का, असा प्रश्न आला. "नो. टुरिझम," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तेव्हा इतका बारीक झाला होता की दुभाष्याने परत विचारलं. तीनदा तोच प्रश्न आणि तीनदा तेच पाठ केलेलं उत्तर. चौथ्यांदा त्या रडल्या आणि खरं बोलल्या. मुलगी आजारी आहे. दहा दिवसांनी ऑपरेशन आहे. मला तिच्याजवळ बसायचं आहे, बाकी मला तुमच्या देशातलं काही नको.

मग अधिकारी बाईंनी जे सांगितलं ते दुभाष्याने फार हळू आवाजात सांगितलं. हे पहिल्या खिडकीपाशीच सांगायला हवं होतं. आजारी मुलीसाठी मुदत वाढवून मागायचा रीतसर अर्ज असतो. आता व्हिसा खराब झाला आहे आणि तुमची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. तुम्हाला परत जावं लागेल. नव्याने अर्ज करता येईल.

एक फोन करायची परवानगी मिळाली.

"आई, कुठे आहेस? शंतनू केव्हाचा बाहेर उभा आहे," सावनी म्हणाली.

"इथेच आहे गं. दाराच्या अलीकडे."

सावनीला सगळं कळायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "आई, तू रडू नकोस. काहीतरी खाऊन घे फ्लाइटमध्ये." कॅन्सर झालेली मुलगी आईला जेवणाची आठवण करून देत होती. विमानतळापासून ते घर अर्ध्या तासावर होतं. दुपारच्या विमानाने आम्हाला परत पाठवलं. माझ्या व्हिसावर, त्या तांबड्या शिक्क्याच्या वर, रद्द झाल्याचा शिक्का पडला. तो अगदी ठळक उठला होता.

सांगलीला पोचल्यावर बाईंनी नव्या व्हिसाचा अर्ज तयार केला, या वेळी सगळा खरा, डॉक्टरांच्या पत्रासकट. पण माझी पानं बिघडलेली, म्हणून आधी नवा पासपोर्ट काढावा लागला. रद्द झाल्याची खूण म्हणून माझे कोपरे कातरून मला परत दिलं. ऑपरेशन झालं, आजार मात्र हटला नाही. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती मार्चची. सावनी फेब्रुवारीत गेली. माझ्या त्या धाकट्या भावाची सगळी पानं अजून कोरी आहेत.

उन्हाळ्यात शंतनू अस्थी घेऊन सांगलीला आला. कृष्णेच्या घाटावरून परतल्यावर बाईंनी मला त्याच्या हातात दिलं. "शिवांगी मोठी झाली की विचारील. तेव्हा हे दाखव," त्या म्हणाल्या. शंतनूने मान हलवली आणि सनीव्हेलला नेऊन मला स्वतःच्या कपाटात ठेवलं. दाखवलं मात्र नाही. आपण तेव्हा अर्जाचा हट्ट धरला नाही, ही गोष्ट त्याला आतून खात होती, आणि मला दाखवायचं म्हणजे तीही सांगावी लागली असती.

त्यामुळे शिवांगीला आपल्या परीने जे कळायचं ते कळलं होतं. मम्मी आजारी असताना आजी फिरायला गेली. परत आलीच नाही. नंदाआजीच्या हाती एक पतंग पाठवला. तो पतंग तिने कधी उडवला नाही. रविवारी सांगलीचा फोन आला की ती बाथरूममध्ये जाऊन दार लावून घ्यायची.

या वर्षी, २००८ च्या वसंतात, तिच्या शाळेत प्रोजेक्ट होता. घरातली एखादी खूप प्रवास केलेली वस्तू आणायची. शंतनूने पुष्कळ वेळ विचार केला आणि मला बाहेर काढलं. वर्गात शिवांगीच्या शेजारी ग्रेस नावाची चिनी मुलगी बसते. शाळा सुटल्यावर ग्रेसची आजी तिला न्यायला आली होती. ग्रेसने माझं तांबडं पान तिच्यापुढे धरलं. म्हातारीने चष्मा वर सरकवला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि काहीतरी म्हणाली.

"शी सेज इट मीन्स, लेट हर थ्रू," ग्रेसने सांगितलं. जाऊ द्या हिला.

शिवांगी गाडीत बसली, पण तिने पट्टा लावला नाही. "बाबा, हू डिडन्ट लेट हर थ्रू?"

शंतनूने गाडी सुरू केली नाही. शाळेचं पार्किंग रिकामं होईपर्यंत तो बोलत होता. भिंतीचं शहर, रंगवलेलं गाव, पहारेकरी, टुरिझम हा शब्द आणि न भरलेला अर्ज, सगळं त्याने सांगितलं. मी शिवांगीच्या मांडीवर उघडा होतो. मला वाटलं, माझ्या अंगावर दोन ठिकाणी जाऊ द्या असं लिहिलेलं होतं, एक सरकारी आणि एक खेळातलं, आणि दोन्ही मिळून मी एका आईला अर्ध्या तासावरच्या घरी नेऊ शकलो नाही. तो माझा ताठा त्या दिवशी पुरता उतरला.

संध्याकाळी शिवांगीने स्वतः फोन लावायला सांगितलं. सांगलीत सकाळचे साडेसहा झाले होते.

"आजी, डिड यू कम बॅक?"

"आले होते गं बाळा. दारापर्यंत आले होते."

"डिड यू नॉक?"

"वाजवलं की," सुहासिनीबाई म्हणाल्या. "पण कशाला आले होते, तेच सांगितलं नाही."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा जुना पासपोर्ट असेल. त्याला रद्दी समजू नका. त्याची पानं उलटा, आणि आत ज्यांचा फोटो आहे त्यांना विचारा, की तुम्ही कुठल्या दारात अडला होतात. ती माणसं आहेत तोवर विचारा. आता दर रविवारी सांगलीत सकाळी साडेसहाला फोन वाजतो, आणि तो पहिल्याच घंटेला उचलला जातो.